सर्वानुमते, सुमनताई सोडून

माझ्या नवऱ्याची आजही अशी समजूत आहे की मी सव्वीस वर्षं नगरपरिषदेत टायपिंग केलं. त्याला तरी काय बोलायचं? निवृत्तीच्या दिवशी मुख्याधिकाऱ्यांनीसुद्धा भाषणात "ओव्हाळबाईंचं टायपिंग फार सुबक" एवढंच सांगितलं, शाल घातली आणि पुढच्या मीटिंगला पळाले. मी सभा लिपिक होते हो! पण सभा लिपिक म्हणजे काय, हे नगरसेवक सोडून गावात कुणाला ठाऊक नसतं. आणि नगरसेवक ते कुणाला सांगत नाहीत.

तर मीच सांगते. तुम्ही निवडून दिलेली माणसं महिन्या-दोन महिन्यांनी सभागृहात बसतात आणि रस्ते, गटारं, दिवे, जागा यांचे ठराव करतात. ठराव कोणी मांडला, कोणी अनुमोदन दिलं, कोणाचे हात वर गेले, कोण विरोधात होतं, हे सगळं तिथेच बसून कच्च्या वहीत टिपायचं आणि चार दिवसांत त्याचं पक्कं इतिवृत्त करायचं, हे माझं काम. पुढच्या सभेत पहिलाच विषय असतो, 'मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे'. अध्यक्ष विचारतात, "कायम?" सगळे म्हणतात, "कायम, कायम." वाचलेलं कोणीच नसतं. पण एकदा कायम झालं की ती काळ्या दगडावरची रेघ. सभागृहात तुम्ही घसा फोडून बोंबलला असाल, इतिवृत्तात ते नसेल तर तुम्ही बोंबलला नाहीत.

नगरपरिषद कुठली ते लिहीत नाही. घाटाच्या या अंगाला आहे, एवढं पुरे. मी आता वलवणला राहते, आणि यातली निम्मी मंडळी मला भाजी घेताना भेटतात, नमस्कारही करतात. उगाच कशाला.

तर ते हात. लोकांना वाटतं, नगरसेवक सभेत जाऊन स्वतःच्या अकलेने मत देतो. डोंबल! प्रत्येक पक्षाचा सभागृहात एक गटनेता असतो. महत्त्वाचा विषय आला की तो आपल्या सदस्यांना लेखी बजावतो, की अमुक बाजूने हात वर करायचा. त्याला पक्षादेश म्हणतात, आम्ही सगळे व्हिपच म्हणायचो. व्हिप मोडला आणि पक्षाने पंधरा दिवसांत माफ केलं नाही, तर जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज होतो आणि सदस्यत्व जातं. एका पक्षाच्या तिकिटावर निवडून येऊन मग दुसऱ्यात टुणकन उडी मारणाऱ्यांना लगाम बसावा म्हणून हा कायदा झाला म्हणे. उडी मारणारे आजही मजेत उड्या मारतात. कायद्यात सापडतं ते एखादं साधंभोळं.

व्हिप हातात पडायला लागतो. त्यामुळे तो टाळायचे एकेकाचे प्रकार मी पाहिलेत! एक सदस्य सभेच्या दोन दिवस आधी पवनानगरला जाऊन धरणाकाठच्या कॅम्पमध्ये तंबू घेऊन राहिले. पक्षाची माणसं कागद घेऊन तिथे पोचली. तंबूची चेन आतून बंद. बाहेरून हाका मारल्या तर आतून आवाज आला, "ते इथं नाहीत." शेवटी माणसांनी तो कागद तंबूला डकवला, शेजारी उभं राहून फोटो काढला आणि परत आले. सभेच्या दिवशी हे गृहस्थ उन्हाने रापलेलं तोंड घेऊन हजर, आणि सगळ्यांच्या आधी पक्षाच्या बाजूने हात वर! मी नंतर विचारलं, "अहो, मग पळालात कशाला?" तर म्हणाले, "बाई, अधूनमधून पळावं लागतं. नाहीतर पक्ष आपल्याला विसरतो."

विरोधी पक्षाचे नेते त्याहून हुशार. एके काळी ते कोचिंग क्लास चालवायचे, म्हणून सगळे त्यांना 'सर' म्हणायचे. सरांची पद्धत ठरलेली. विषय चर्चेला आला की पत्रकारांच्या बाकाकडे तोंड करून असं भाषण ठोकायचे, की ऐकणाऱ्याला वाटावं आता सभागृह पेटणार. आणि अध्यक्षांनी "मताला टाकतो" म्हटलं की सर चहा प्यायला बाहेर. विरोधात हात नाही, बाजूनेही नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात 'सरांचा कडाडून विरोध'. मी त्या सभागृहात सरांचा हात विरोधात वर गेलेला एकदाही पाहिलेला नाही. चहाचा कप धरलेला मात्र पुष्कळदा पाहिला.

आमच्या गावात साठेकाका म्हणून रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड होते. भारी चिकट माणूस. त्यांनी माहिती अधिकारात अर्ज टाकला: प्रत्येक नगरसेवकाने गेल्या पाच वर्षांत आपल्या पक्षाच्या विरुद्ध किती वेळा मत दिलं, त्याचा तक्ता द्यावा. मुख्याधिकारी साहेबांनी अर्ज माझ्या टेबलावर टाकला. मी इतिवृत्तांचे सगळे खंड काढून बसले. पान उलटा, 'सर्वानुमते मंजूर'. दुसरं उलटा, 'सर्वानुमते मंजूर'. तिसऱ्या दिवशी मी काकांना बोलावलं आणि सांगितलं, "काका, तक्ता करण्यासारखं काही नाही. सगळ्यांपुढे शून्य."

काकांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे माणसात आणि पक्षात फरक नाही?"

"नाही."

"आणि पक्षापक्षांत?"

"तोही नाही. ठराव सगळ्यांनी मिळूनच केलेत."

"मग बाई, एवढे उमेदवार उभे कशाला करता? एकच उभा करा. माझं बोटसुद्धा फुकट काळं केलंत." आणि रागारागाने निघून गेले. आम्ही कार्यालयात आठवडाभर हसत होतो.

त्यानंतर निवडणूक झाली आणि सुमनताई आल्या. धरणाच्या बाजूची एक वाडी नगरपरिषदेच्या हद्दीत आलेली आहे, तिथल्या. नवरा धरणात मासे धरायचा आणि सुमनताई ते बाजारात बसून विकायच्या. प्रभाग महिलांसाठी राखीव झाला, सत्ताधारी पक्षाच्या गटनेत्यांना बोलायला लाजणारी बाई हवी होती, आणि मासे विकणारी बाई लाजत असेल असं त्यांना का वाटलं देव जाणे. या गटनेत्यांना सगळे 'भाऊ' म्हणायचे. मीही भाऊच म्हणते.

पहिली दोन वर्षं सुमनताई गप्प होत्या. भाऊंनी हात वर केला की यांचाही वर. पण त्यांना वाचता यायचं, आणि त्या वाचायच्या! सभेची विषयपत्रिका घरी न्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलाशी हजर. "बाई, ह्ये 'फेरबदल' म्हंजी काय वो?" मी सांगायचे. दुसरं कोणी विचारतच नव्हतं, त्यामुळे मलाही बरं वाटायचं.

अशीच एक विषयपत्रिका घेऊन त्या एकदा आल्या तेव्हा चेहरा उतरलेला होता. त्यांच्या वाडीच्या तोंडाशी दवाखान्यासाठी राखीव ठेवलेली एक जागा होती. ते आरक्षण उठवून जागा मोकळी करावी, असा विषय आला होता. मोकळी कुणासाठी, तर शेजारच्या रिसॉर्टच्या पार्किंगसाठी. कागदावर तसं नव्हतं, पण आमच्या शिपायालासुद्धा ते माहीत होतं.

"बाई, त्या जागेवर दवाखाना व्हनार म्हनून मी मतं मागितल्यात," सुमनताई म्हणाल्या. "माजी सून गेल्या पावसाळ्यात रिक्षात बाळंत झाली. रविवार व्हता. भुशी डॅमला जानाऱ्या गाड्यांची रांग. पुढं न्हाई, मागं न्हाई. पोरगं वाचलं, नशीब आमचं."

"भाऊंनी व्हिप काढलाय का?"

त्यांनी पिशवीतून कागद काढून दाखवला. सही करून घेतलेला, रीतसर. आरक्षण उठवण्याच्या बाजूने मत द्यावे.

"सुमनताई, विरोधात गेलात तर सदस्यत्व जाईल," मी म्हटलं. "तब्येत बरी नाही म्हणून सांगा आणि घरी बसा."

"घरी बसायला मला निवडून दिलंय व्हय?" म्हणाल्या आणि गेल्या.

सभेत सर बोलले. गोरगरिबांचा दवाखाना, जनतेचा तळतळाट, सगळं झालं. मग अध्यक्ष म्हणाले "मताला टाकतो" आणि सर चहाला गेले. त्यांच्यामागे त्यांचा अख्खा पक्ष चहाला गेला. उरलेल्यांनी बाकं वाजवून "मंजूर, मंजूर" केलं. त्या गलक्यात सुमनताई उभ्या राहिल्या. हात सरळ वर. "माजा इरोध हाय. दवाखान्याची जागा द्यायची न्हाई." आवाज बाजारातला, मागच्या भिंतीपर्यंत गेला. भाऊंनी वळून पाहिलं. अध्यक्ष म्हणाले, "बरं, पुढचा विषय." मी कच्च्या वहीत लिहिलं: सुमनताई विरोध.

सभा संपल्यावर भाऊ माझ्या टेबलाशी आले. आता बघा गंमत. एवढ्या वर्षांत माझ्या टेबलाशी आलेला प्रत्येक पुढारी 'बाई, एवढं वगळा' म्हणायला आला होता. हा पहिला, जो म्हणाला, "बाई, जसं घडलं तसं लिहा. नावानिशी. बाजूने कोण, विरोधात कोण. सत्य ते सत्य." भाऊंच्या तोंडून सत्य हा शब्द ऐकून मला ठसकाच लागला. त्यांना सुमनताईंचं नाव कागदावर हवं होतं. त्या कागदावर बाईचं पद जाणार आणि पोटनिवडणुकीत भाऊंच्या वहिनी उभ्या राहणार, हे सभागृहाच्या दाराशी पोचेपर्यंत सगळ्यांना कळलं होतं.

माझं डोकं सणकलं. म्हटलं, थांब मेल्या, तुला दाखवते. जन्मभर यांच्यासाठी खोटं लिहिलं, आता एकदा चांगल्या बाईसाठी लिहू. चौथ्या दिवशी पक्कं इतिवृत्त केलं: 'सदर विषय सर्वानुमते मंजूर.' अध्यक्षांनी न वाचता सही केली. वरच्या कार्यालयात पाठवायला त्यांना एकमत बरंच होतं. भाऊंनी प्रत मागवली आणि तणतणत माझ्याकडे आले. मी शांतपणे म्हटलं, "गलका फार होता, भाऊ. मला काही ऐकू आलं नाही." त्या दिवशी मी घरी जाताना पेढे घेऊन गेले. नवऱ्याने विचारलं कशाचे, तर म्हटलं टायपिंगचे.

सुमनताईंना मी काही सांगितलं नाही. आपोआप कळेल, आणि कळलं की येतील, चहा पाजतील, असं माझ्या मनात होतं.

कळलं, पण ते असं. सरांनी त्या पानाच्या झेरॉक्स काढल्या आणि सुमनताईंच्या वाडीत घरोघर वाटल्या. बघा, तुमच्या ताईंनी दवाखाना विकला. सर्वानुमते लिहिलंय, सही-शिक्क्याचा कागद आहे. स्वतः सर चहाला गेले होते, हे त्या कागदावर कुठे असणार? वाडीतली माणसं आधी हसण्यावारी नेत होती. मग नळावर बायका बोलेनाशा झाल्या. बाजारात कुणी तरी तोंडावर म्हणालं, "मासं इकता इकता जागा बी इकली व्हय गं?" हे मला नंतर कळलं. तेव्हा मी पेढ्यांच्या आनंदात होते.

पुढची सभा आली. पहिला विषय, मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे. अध्यक्ष म्हणाले, "कायम?" सगळे म्हणाले, "कायम, कायम."

"कायम न्हाई." सुमनताई उभ्या होत्या. नाकावर चष्मा, हातात झेरॉक्स. "ह्या पानावर सर्वानुमते लिवलंय. सर्वांमधी मी न्हाई. मी हात वर केलता. माजा इरोध लिवा."

मी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं, डोळ्यांनी 'बसा, बसा' म्हणत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. मग भाऊंच्या चेहऱ्यावर जे हसू पसरलं, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. ते उठले आणि लोणी लावल्यासारखं म्हणाले, "सन्माननीय सदस्यांची सूचना योग्यच आहे. दुरुस्ती करून इतिवृत्त कायम करावं." सरसुद्धा त्या दिवशी चहाला गेले नाहीत. सगळ्यांनी बाकं वाजवली. सुमनताईंनी मांडलेली आणि खरोखर एकमताने मंजूर झालेली ती एकच सूचना. माझ्या हाताने मी लिहिलं: 'सुमनताई यांचा विरोध नोंदवून मंजूर.'

पंधरा दिवस पक्षाने माफी दिली नाही. सोळाव्या दिवशी अर्ज गेला.

जिल्हाधिकाऱ्यांपुढे सुनावणी पुण्याला. मला कच्च्या वहीसकट बोलावलं होतं. सुमनताईंना कुणीतरी ओळखीने एक वकील मिळवून दिला होता, भला माणूस. त्याने बाहेर व्हरांड्यात मला गाठलं. "मॅडम, पहिल्या इतिवृत्तात सर्वानुमते आहे. दुरुस्ती नंतरची. तुम्ही फक्त 'हात पाहिल्याचं आठवत नाही' एवढं म्हणा, वही हरवली म्हणा. मग आपण लढू शकतो."

मी हो म्हणणारच होते. तेवढ्यात बाकावरून सुमनताई म्हणाल्या, "वकीलसायेब, बाईंना समदं आटवतंय. आन न्हाई आटवलं, तर मी आत सांगनार हाय की मी हात वर केलता. मंग बाई खोट्या पडतील. त्यांची नोकरी हाय."

म्हणजे माझी काळजी त्या करत होत्या! मी आत गेले. जिल्हाधिकारी साहेबांनी विचारलं, "सदस्येने विरोधात हात वर केलेला तुम्ही पाहिला?" मी म्हटलं, "पाहिला." वही दाखवली. "मग इतिवृत्तात का लिहिलं नाही?" मी म्हटलं, "नजरचुकीने." साहेबांनी मान हलवली. मला पुढे कारणे दाखवा नोटीस आली, तिलाही मी 'नजरचुकीने' असंच उत्तर दिलं आणि ते मान्य झालं. नजरचुकीला आमच्याकडे कधी शिक्षा होत नाही. हात वर केल्याला होते.

सुमनताईंचं पद गेलं. भाऊंच्या वहिनी निवडून आल्या. त्यांचं मत पक्षापासून केसभरही हललेलं मी निवृत्त होईपर्यंत पाहिलं नाही. एकदा शेजारच्याचा हात आधी वर गेला म्हणून त्यांनी घाबरून दोन्ही हात वर केले होते. दवाखान्याच्या जागेवर रिसॉर्टचं पार्किंग झालं. त्याच्या कुंपणावर सरांचा फ्लेक्स लागला होता, 'दवाखान्यासाठी शेवटपर्यंत लढणारे नेतृत्व'. कुंपण रिसॉर्टचं, फ्लेक्सला परवानगी भाऊंची. मी बसमधून तो वाचला आणि शेजारच्या बाईला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने एक शिवी घातली.

निवृत्त झाल्यावर महिन्याभराने मी त्या वाडीवर गेले. माफी मागायची होती. नोकरीत असताना धीर झाला नव्हता, खरं ते सांगते. सुमनताई ओट्यावर बसून मासे साफ करत होत्या. नातू अंगणात खेळत होता, रिक्षात झालेला तो. त्यांनी राखेने हात धुतले, पाणी दिलं, चहा टाकायला सुनेला सांगितलं.

मी एका दमात सगळं बोलून टाकलं. की मुद्दाम लिहिलं, तुम्हाला वाचवायला लिहिलं, भाऊंची जिरवायला लिहिलं.

त्या हसल्या. "म्हाईत हाय मला. तुमाला काय ऐकू येत न्हाई व्हय? पार दाराबाहेरचं ऐकता तुमी."

"मग रागावला नाहीत?"

"लय रागावले व्हते. बाई, मला इचारलं का न्हाई तुमी? वाडीत मला थुकत व्हती मानसं. मेंबरकी गेली तवा परत बोलाया लागली." त्यांनी सुरी बाजूला ठेवली आणि माझ्याकडे नीट बघितलं. रागाने नव्हे, विषयपत्रिकेतला अवघड शब्द विचारायच्या तसंच. "माज्या आदी आनि कुनाचा हात असा पुसला व्हता का वो तुमी?"

मला एक आबा आठवले. पहिल्या काही वर्षांतले, पागोटं घालणारे. पाण्याच्या टाकीच्या विषयात दोनदा उठून म्हणाले होते, "आमचा इरोध लिवा, बाई." त्यांच्या एकट्यासाठी नावानिशी तक्ता करायचा म्हणजे तासभर जास्त बसायचं, आणि मला घरी जायची घाई होती. मी सर्वानुमते लिहून मोकळी झाले. आबा परत विचारायला आले नाहीत. त्यांच्यानंतर एक मास्तर. मग एक तरुण बाई, जिचं नावही आता नीट आठवत नाही. एक एक करत सगळे त्या ओट्यावर माझ्यापुढे येऊन बसले.

सुमनताई वाट बघत होत्या. चहा आला.

"नाही हो," मी म्हटलं. "कुणाचाच नाही."

"मंग बरं," त्या म्हणाल्या, आणि कपबशी माझ्यापुढे सरकवली.